बटणावरचा हात

आमचे सासरे आयुष्यभर वाद्यवृंदाच्या सगळ्यात मागच्या रांगेत बसले, आणि माझं मत असं की त्यांच्या स्वभावाचं मूळ त्या खुर्चीतच होतं. मागे बसणाऱ्याला सगळ्यांच्या फक्त पाठी दिसतात. पाठमोरा माणूस काय करतोय ते कळत नाही, आणि कळत नाही म्हटलं की शंका येते. सासऱ्यांना ती दिवसभर येई. मी औषधाच्या दुकानात नोकरीला, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मी स्वतः वाचून दिली, तरी ते पाकीट खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचत. कलिंगड घेताना ते इतक्या ठिकाणी वाजवून बघत, की फळवाला एकदा म्हणाला, "मामा, घेणार आहात की कार्यक्रम आहे?" त्यावर त्यांनी ते कलिंगड परत ठेवलं आणि शेजारचं उचललं. एवढी घाई करतो म्हणजे माल सडका असणार, हा त्यांचा हिशेब.

ते टिंपनी वाजवत. टिंपनी म्हणजे तांब्याचे मोठाले हंडे, तोंडावर कातडं ताणलेलं, पायाखालची पट्टी दाबली की सूर वर चढतो किंवा खाली उतरतो. हातात टोकाला लोकरीचा गोळा असलेल्या दोन काठ्या. कामाचा बराचसा भाग गप्प बसण्याचा. पुढे व्हायोलिनवाले घाम गाळत असतात तेव्हा टिंपनीवाला मनातल्या मनात मात्रा मोजत बसतो, आणि आपली जागा आली की उठून मारतो. एक मात्रा इकडची तिकडे झाली तर सगळ्या सभागृहाला कळतं. सासूबाई म्हणत, "गप्प बसायचा पगार मिळणारा यांच्यासारखा दुसरा माणूस नाही. घरी मात्र फुकटसुद्धा बसत नाहीत."

लग्न ठरलं तेव्हा मला पहिल्यांदा सभागृहात नेलं. आधी मला वाटलं की अजून सुरूच झालेलं नाही. सगळे व्हायोलिनवाले गज हलवताहेत आणि ऐकू येतंय ते पुढच्या बाईंनी सोललेल्या गोळीच्या कागदाचं. मग हळूहळू लक्षात आलं की एक सूर केव्हापासून चालू आहे, इतका बारीक की त्याच्यासाठी श्वास रोखावा लागत होता. आणि बऱ्याच वेळाने, सगळे एकदम थांबले असताना, मागून सासऱ्यांचा ठोका आला. तो मला आधी पोटात लागला. शर्टाचं बटण थरथरलं. मी घाबरून शेजारी बघितलं, तर आमची होणारी बायको पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तळहात टेकून शांतपणे बसली होती. "बाबांनी लहानपणी शिकवलंय," ती म्हणाली, "आधी हाताला कळतं, मग कानाला."

लग्नानंतर आम्ही दुसऱ्या गावी आलो. बसने तसं फार लांब नाही, पण मूल झालं, हिची नोकरी, माझी नोकरी, सभागृहात जाणं राहूनच गेलं. कार्यक्रम रविवारी दुपारी असे आणि रेडिओवर तो थेट ऐकवत. माझी रविवारी दुकानात पाळी, त्यामुळे घरी ऐकायला ही आणि आमची लहान लेक. शनिवारी सासऱ्यांचा फोन ठरलेला. "उद्या शेवटच्या भागात बासरी एकटी राहील, मग सगळे गप्प, मग मी. लक्ष ठेव." रविवारी संध्याकाळी पुन्हा फोन.

"ऐकलंस?"

"ऐकलं, बाबा."

"माझा ठोका?"

"जोरात होता. पोटात आला."

एवढं झालं की फोन खाली. पुढचा आठवडा ते खुशीत असत. हे वर्षानुवर्षं चाललं, आणि अजूनही चाललं असतं. पण आम्हाला हौस. त्यांच्या वाढदिवसाला मी चांगला भारीतला रेडिओ आणि दोन मोठे स्पीकर भेट दिले.

तोपर्यंत सासऱ्यांनी स्वतःचं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं. रविवारचा कार्यक्रम मंगळवारी पुन्हा लागे, पण "मी होतो तिथे, मला काय सांगता" म्हणून ते त्या वेळी फिरायला जात. नवीन यंत्र आलं म्हणून त्या मंगळवारी बसले. सुरुवातीची बासरी, जी सभागृहात कान लावून शोधावी लागते, ती इथे मांडीवर येऊन बसल्यासारखी स्पष्ट. सासरे खूश झाले. मग सगळे वाढत गेले, वाढत गेले, आणि घरात मात्र आवाज तेवढाच राहिला. मग सगळे गप्प. मग सासऱ्यांचा ठोका. सासूबाईंनी मला नंतर सांगितलं, स्वयंपाकघरात त्यांना वाटलं की यांनी पुस्तक मिटलं.

पहिला संशय अर्थातच माझ्यावर. स्वस्तातलं यंत्र आणलं असणार. त्यांनी फोन करून मला दुकानाचं नाव विचारलं, मग त्या दुकानात जाऊन किंमत विचारली. किंमत ऐकल्यावर माझ्यावरचा संशय उठला आणि तारांवर बसला. तारा बदलल्या. मग भिंतीवर बसला. स्पीकर एका भिंतीकडून दुसरीकडे गेले, सासूबाईंचं कपाट बाहेरच्या खोलीत आलं. ठोका काही वाढेना. मंगळवारी ते आता वहीतली चूक शोधणाऱ्या मास्तरासारखे कान टवकारून बसू लागले, आणि त्यांना कळून चुकलं की कुठेतरी पाणी मुरतंय. बासरी पूर्ण येते, व्हायोलिनं येतात, कमी होतो तो नेमका आपलाच ठोका. म्हणजे कोणीतरी तो मुद्दाम कमी करतंय.

सभागृहाच्या मागच्या बाजूला काचेची एक खोली होती. तिथे रेडिओचा माणूस पुढ्यात बटणं घेऊन बसे. एका सरावाच्या दिवशी सासरे न सांगता तिथे जाऊन उभे राहिले. हे सगळं त्यांनी मला नंतर अनेकदा सांगितलंय, दर वेळी तितक्याच रागाने.

"माझ्या वेळेला तुमचा हात बटणावर जातो," सासरे म्हणाले. "मी तिकडून बघितलंय."

"जातो ना," तो माणूस म्हणाला. त्याने नाकबूलच केलं नाही, त्यामुळे यांचा संशय आणखी वाढला. "जावाच लागतो. तुमच्या ठोक्याच्या बऱ्याच आधीपासून मी थोडं थोडं खाली आणत असतो, म्हणजे ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि बासरी असते तेव्हा वर नेतो."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं, मामा? इथे तुमच्या हळू आणि जोरात यांच्यात केवढं अंतर आहे. घरात पंखा चालू असतो, कोणी भांडी घासतंय, बाहेर गाड्या. बासरी आहे तेवढीच सोडली तर लोकांना ऐकूच येणार नाही. ते आवाज वाढवतील. आणि मग वाढवलेल्या आवाजात तुमचा ठोका तसाच सोडला, तर पोरं दचकून उठतील, स्पीकर फाटेल, लोक रेडिओ बंद करतील."

"कोणी बंद केलाय आजवर?"

"आजवर मी खाली आणतो, म्हणून नाही केला."

ज्याचं बोलणं खोडता येत नाही तो माणूस लबाड, असं सासरे धरून चालत. पण घरी परत येताना बसमध्ये त्यांच्या मनात वेगळीच पाल चुकचुकली. बटणवाला सगळ्यांच्याच घरी ठोका कमी करतो. म्हणजे लेकीच्या घरीही कमीच जातो. मग ती इतकी वर्षं "जोरात होता, पोटात आला" म्हणते, ते कशाच्या जोरावर?

आता ही गोष्ट हसण्यावारी नेता येते. मीही नेली. फोनवर मी म्हणालो, "मामा, ती तुमचं मन राखायला म्हणत असेल." मग ते म्हणाले, "जावईबापू, टाळ्या पडतात त्या पुढे उभा असतो त्याला. मागच्या रांगेतला माणूस कोणासाठी वाजवतो, विचारलंत कधी? मी तिच्यासाठी वाजवतो. ती ऐकत नसेल तर मला कळायला हवं." मला एकदम वाईट वाटलं.

म्हणून त्यांनी गळ टाकला. पुढच्या रविवारी, शेवटच्या मोठ्या जागी, ते उठले, काठ्या पूर्ण वर नेल्या आणि कातड्याला नुसता स्पर्श केला. त्यांच्या धंद्यात हे पाप. पुढे उभ्या असलेल्या संचालकाने डोळे वटारले. शेजारी झांजा वाजवणारी बाई, जी आपल्या खुर्चीवर टपून बसलीय असा सासऱ्यांचा जुना ग्रह होता, तिने वळून बघितलं. संध्याकाळी फोन.

"ऐकलंस?"

"ऐकलं, बाबा."

"माझा ठोका?"

किंचित थांबून ही म्हणाली, "जोरात होता. आज तर नेहमीपेक्षा जोरात."

सासऱ्यांनी फोन ठेवला. लेक रेडिओ लावतच नाही, हे त्यांच्या दृष्टीने सिद्ध झालं. त्यांनी हे मला सांगितलं, हिला नाही, आणि मलाही हिला सांगू नका म्हणून बजावलं. शनिवारचा फोन चालू राहिला, पण दोन वाक्यांचा. ही विचारी, "बाबांचं काही बिनसलंय का?" मी पोत्यासारखा गप्प.

आणि खरं सांगतो, मी हिची बाजू घेऊन भांडलो असतो, पण तोवर माझ्याही मनात काहीतरी घुसलं होतं. आमच्या खालच्या मजल्यावर नुकत्याच एक निवृत्त शिक्षिका राहायला आल्या होत्या. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "रविवारी दुपारी तुमच्या घरात काय पडतं हो? माझी कपबशी हलते." मी हिला विचारलं. "काही नाही, पातेलं पडलं असेल," ही म्हणाली, आणि घड्या घालू लागली. पातेलं एकदा पडेल, दोनदा पडेल. ठराविक वारी, मी घरात नसताना, दणकन काय पडतं? मी लेकीला विचारलं, तर ती आईकडे बघून म्हणाली, "सांगायचं नाहीये." सासऱ्यांच्या संशयाची लागण होते, हे मला तेव्हा कळलं. मी आजवर हसलो त्या माणसाला, आणि आता घरी आल्यावर चपला कोणाकोणाच्या आहेत ते बघत होतो.

अशातच एका रविवारी दुपारी सासरे दुकानाच्या दारात उभे. गळ्याला मफलर.

"तुम्ही इथे कसे? आज कार्यक्रम आहे ना?"

"मला ताप आहे."

मी कपाळाला हात लावायला गेलो, तर ते मागे सरकले. "तिकडे आहे. इथे नाही."

जन्मात त्यांनी कधी कार्यक्रम चुकवला नव्हता. आपली खुर्ची त्या झांजवाल्या बाईंच्या हवाली करून ते आले होते, म्हणजे प्रकरण किती पुढे गेलं होतं बघा. शनिवारी त्यांनी हिला नेहमीसारखं सांगितलं होतं, उद्या शेवटी व्हायोलिनं खाली जातील, मग सगळे गप्प, मग मी. आता आपण दाराशी उभं राहायचं आणि घरात रेडिओ लागलाय की नाही ते ऐकायचं. मी दुकानातल्या सहकाऱ्याला गल्ल्यावर बसवलं आणि निघालो. सासऱ्यांसाठी चाललोय असं मी स्वतःला सांगत होतो.

जिन्यात आम्ही दोघंही पंजांवर चढलो. खालच्या शिक्षिकाबाईंचं दार किलकिलं होतं. आम्हाला बघून त्या काही बोलणार, तोच सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही आमच्या दाराला कान लावला.

रेडिओ चालू होता.

सासऱ्यांचा चेहरा पडला. हो, पडलाच. इतके दिवस सांभाळलेला संशय हातातून जाताना माणसाला आनंद होतोच असं नाही. आत व्हायोलिनं हळूहळू खाली जात होती. सासरे सवयीने मात्रा मोजू लागले, ओठ हलत होते. सगळे गप्प झाले. सासऱ्यांचा उजवा हात आपोआप वर गेला.

आणि दार आमच्या कानावर आदळल्यासारखा ठोका आला. माझ्या पोटात आला, शर्टाच्या बटणापर्यंत आला. खाली कपबशी वाजली, आणि पाठोपाठ शिक्षिकाबाईंनी छताला काठी मारली.

मी किल्लीने दार उघडलं. रेडिओसमोर ही गुडघ्यांवर बसलेली. एक तळहात स्पीकरवर सपाट टेकलेला, दुसरा आवाजाच्या बटणावर. लेक सोफ्यावर दोन्ही कानांत बोटं घालून, तिला अनुभव होता. हिने आधी बटण घाईघाईने खाली आणलं, मग मान वळवली, आणि बापाला बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

"बाबा? तुम्ही इथे? मग हे कोण वाजवतंय?"

"झांजवाली," सासरे म्हणाले. "तू बटण का फिरवलंस?"

"रेडिओवाले कमी करतात ना तुम्हाला. लग्नानंतर पहिल्या रविवारीच लक्षात आलं. मग तुम्ही सांगता ती जागा आली की मी वाढवते. नाहीतर तुम्ही घरात येतच नाही. तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून यांनाही सांगितलं नाही."

पातेल्याचं कोडं सुटलं. मी आपलं जमिनीकडे बघितलं. सासरे मात्र तसेच उभे. त्यांना अजून एक गोष्ट सलत होती आणि ती विचारल्याशिवाय ते बसले नसते.

"मागे एकदा तू म्हणालीस, नेहमीपेक्षा जोरात होता."

हिने स्पीकरवरचा हात काढला. "त्या दिवशी बटण शेवटपर्यंत फिरवलं. तरी तुम्ही आला नाहीत. पुढचा गलका आला, सोफा हलला, मधे तुम्ही नव्हताच. मला वाटलं, बाबांचे हात थकले. वय झालं. ते तुम्हाला मी फोनवर सांगायचं होतं?"

सासरे खुर्चीवर बसले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. मफलर काढायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. "हात ठीक आहेत," ते म्हणाले. "मी मुद्दाम हळू वाजवला. तू ऐकतेस का बघायला."

त्यावर ही जी चिडली, तसं मी तिला आजवर बघितलेलं नाही. त्या आठवड्यात तिला झोप नव्हती, प्रत्येक फोनला ती दचकत होती, आणि हे म्हणे बघायला. ती रडली, भांडली, मग चहा टाकायला गेली आणि स्वयंपाकघरातून भांडली. सासऱ्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा घरी ते फुकट गप्प बसले. चहा आला तेव्हा त्यांनी कप हातात घेतला, आणि साखर घातलीय का ते न बघता प्यायले. मला वाटतं, त्यांचं माफी मागणं तेच होतं.

नंतर काही वर्षं शनिवार-रविवारचे फोन पूर्वीसारखे चालले. शिक्षिकाबाई रविवारी दुपारी कपबशी आपसूक आत ठेवू लागल्या. पुढे सासरे निवृत्त झाले, आणि त्यांची खुर्ची, त्यांना वाटत होतं तसं, झांजवाल्या बाईंनाच मिळाली. "मी म्हणत होतो ना," ते म्हणाले, आणि बरेच दिवस सभागृहाच्या रस्त्यानेसुद्धा गेले नाहीत.

मग एका रविवारी मला सुट्टी होती आणि ते आमच्याकडे आले होते. रेडिओ लागला. तोच वाद्यवृंद, मागच्या खुर्चीत आता बाई. सासरे डोळे मिटून बसले होते, पण बोटं गुडघ्यावर मोजत होती. शेवटचा भाग आला. बासरी एकटी राहिली. माझं लक्ष हिच्याकडे गेलं. ही मांडीवर हात ठेवून तशीच बसून होती. उठायचा तिचा विचार दिसत नव्हता. त्या जागी आता तिचं कोणी नव्हतं.

सासऱ्यांनी डोळे उघडले. हिच्याकडे बघितलं, बटणाकडे बघितलं.

"वाढव की."

"बाबा, तुम्ही तर इथे आहात."

"त्या झांजवालीच्या घरी कोणी वाढवत असेल, याची मला खात्री नाही," सासरे म्हणाले. मग बासरी संपायच्या आत स्वतःच उठले, एक हात स्पीकरवर ठेवला आणि दुसऱ्याने बटण फिरवलं.